नोकरी सांभाळून अनुवादाची कामे: शब्दामागे दर ठरवायचा कसा?

सायंपाळी

नमस्कार. मी पिंपरी-चिंचवड परिसरातील यंत्रनिर्मिती करणाऱ्या एका कंपनीत तांत्रिक लेखनाच्या विभागात पूर्णवेळ नोकरी करते. वार्षिक एकूण पगार पावणेतेरा लाख रुपये असून मी नवी करप्रणाली निवडलेली आहे. इंग्रजीतून मराठीत तांत्रिक अनुवाद करण्याची छोटी कामे अधूनमधून, बहुतेक ओळखीतून आणि मानधन मिळेल तितके घेऊन, मी केलेली आहेत. आता मात्र प्रथमच एक मोठे आणि नियमित होऊ शकणारे काम समोर आले आहे.

शेतीसाठी फवारणी यंत्रे व पंप बनवणाऱ्या एका उद्योगाला आपली वापरपुस्तिका मराठीत हवी आहे. मूळ इंग्रजी मजकूर १८,००० शब्दांचा आहे. हे काम पसंत पडले तर पुढे आणखी काही पुस्तिका देण्याची त्यांची तयारी आहे. त्यांनी शब्दामागे दीड रुपया देऊ केला असून सहा आठवड्यांची मुदत सांगितली आहे. माझ्या नोकरीच्या कंपनीचा या उद्योगाशी कोणताही व्यवहार नाही आणि दोघांची उत्पादनेही वेगळी आहेत.

मी दराचा हिशेब पगारावरून केला. वर्षाचे ४८ आठवडे आणि आठवड्याचे ४५ तास धरले तर २,१६० तास होतात, म्हणजे माझा तास सुमारे ५९० रुपयांना पडतो. तपासणीसह तासाला २५० शब्द माझ्या हातून नीट होतात. त्यामुळे शब्दामागे २.३६ रुपये हा दर निघतो. ग्राहकाचा दीड रुपया आणि माझे हे २.३६ रुपये यांच्या मध्ये कुठेतरी सौदा व्हावा, असे मला वाटत होते. परंतु पगाराचा तास आणि रात्री जेवणानंतरचा तास यांना एकाच मापाने मोजावे का, याविषयी मनात शंका आहे. घरखर्च पगारातून भागत असल्यामुळे कमी दर घेतला तरी चालेल, हा विचार व्यवहाराला धरून आहे की चुकीचा, हेही जाणकारांनी सांगावे.

टाकबोरू

गेली बरीच वर्षे केवळ अनुवादावर उदरनिर्वाह करणारा माणूस या नात्याने लिहितो आहे, त्यामुळे माझ्या मतात थोडा स्वार्थ आहे असे समजूनच वाचावे.

आपला हिशेब अंकगणित म्हणून बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट सुटली आहे. नोकरीत आपण जागेवर असलेल्या प्रत्येक तासाचा पगार मिळतो. बैठकीत बसलेला तास, संगणक बंद पडलेला तास आणि चहाचा अर्धा तास यांचाही मिळतो. बाहेरच्या कामात फक्त अनुवाद केलेल्या शब्दांचे पैसे मिळतात. चौकशीच्या ई-मेलला उत्तर देणे, नमुना पाठवणे, पारिभाषिक शब्दांची यादी ग्राहकाच्या अभियंत्याकडून मंजूर करून घेणे, बिल करणे आणि त्या बिलामागे लागणे हा सगळा वेळ बिनपगारी असतो. आठवड्याला दहा तास काढता येत असतील तर त्यातले सातच प्रत्यक्ष अनुवादाचे होतील, असे धरून चालावे. मग २.३६ रुपयांना दहाने गुणून साताने भागावे लागेल, उत्तर ३.३७ रुपये येते. सोयीसाठी ३.४० म्हणू. नोकरीत मालकाकडून भविष्यनिर्वाह निधीत होणारा भरणा, भरपगारी रजा, वैद्यकीय विमा आणि उपदान यांचा अंश मी यात धरलेलाच नाही.

ग्राहकाचा दीड रुपया याच पद्धतीने तपासून पाहा. १८,००० शब्दांचे २७,००० रुपये होतात. त्यासाठी अनुवादाचे ७२ तास आणि आनुषंगिक कामासह सुमारे १०३ तास लागतील. म्हणजे ताशी २६२ रुपये पडतात, तेही दिवसभराच्या नोकरीनंतरच्या तासांसाठी.

घरखर्च पगारातून भागतो म्हणून कमी दर चालेल का, या प्रश्नावर मी नीतीचे प्रवचन देणार नाही. आमच्यासारख्यांचे दर त्यामुळे पडतात हे खरे आहे, पण अनोळखी अनुवादकांच्या पोटाची काळजी आपण करावी अशी अपेक्षा मी कशाला ठेवू? आपल्या स्वतःच्या दृष्टीनेच त्यात धोका आहे. समजा काम अर्ध्यावर आले आणि नोकरीत लेखापरीक्षणाचा किंवा नव्या उत्पादनाच्या उद्घाटनाचा महिना आला. अशा वेळी उरलेले काम दुसऱ्या चांगल्या अनुवादकाकडे सोपवून स्वतः फक्त तपासणी करायची सोय दरात असली पाहिजे. दुसऱ्या अनुवादकाकडून आलेले तांत्रिक काम मी स्वतः अडीच रुपयांच्या खाली घेत नाही. तपासणी तासाला हजार शब्दांच्या वेगाने झाली तर आपल्या ५९० रुपयांच्या तासाप्रमाणे शब्दामागे ५९ पैसे लागतील. एकूण ३.०९ रुपये झाले. ३.४० मध्ये हे बसते आणि थोडे उरतेही, २.३६ मध्ये पदरचे घालावे लागतील. माझ्या मते नोकरदाराने दर ठरवताना हीच कसोटी लावावी: मला जमले नाही तर या पैशांत दुसऱ्याकडून तितकेच चांगले काम करून घेता येईल का? येत नसेल तर तो दर आपल्या पगाराने ग्राहकाला दिलेले अनुदान आहे.

खरेदीखाते

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा आहे. एका उत्पादक कंपनीसाठी पुस्तिका, लेबले आणि प्रशिक्षणसाहित्य प्रादेशिक भाषांत करून घेण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून ग्राहक काय पाहतो ते सांगतो.

प्रत्येक दरपत्रकातला शब्दामागचा आकडा आम्ही पाहतो हे खरे, पण तेवढ्यावर निर्णय होत नाही. पुस्तिकेच्या एकूण खर्चात मांडणी, छपाई आणि आमच्या अभियंत्यांचा तपासणीचा वेळ यांचा वाटा मोठा असतो. अनुवादात चूक राहिली आणि छपाईनंतर लक्षात आली तर वाचवलेल्या रुपयाच्या कितीतरी पट भुर्दंड बसतो. फवारणी यंत्राच्या बाबतीत तर हे अधिकच गंभीर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे बळी गेले, हे आपल्याकडे कोणी विसरलेले नाही. संरक्षक साधने कोणती वापरावीत, टाकी कशी धुवावी, नोझल तुंबले तर काय करू नये, हा मजकूर शोभेचा नसतो. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्यापर्यंत तो मराठीतूनच पोहोचतो. आपण तांत्रिक लेखनाच्या क्षेत्रातल्या आहात आणि यंत्र कसे चालते हे आपल्याला कळते, ही आपली खरी किंमत आहे. दरपत्रकासोबत जाणाऱ्या पत्रात ती गोष्ट पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

आता एक कटू गोष्ट. नोकरी करून अनुवाद करणाऱ्यांविषयी आमची तक्रार दराची नसते. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा या वेळात ते फोन उचलू शकत नाहीत आणि हे आधी सांगतही नाहीत, ही आमची तक्रार असते. छपाईच्या आदल्या दिवशी एक वाक्य बदलायचे असेल तर आम्ही रात्री नऊपर्यंत थांबायचे का? म्हणून उपलब्धतेच्या वेळा आधीच लेखी कळवाव्यात. त्या बदल्यात दर कमी करण्याची गरज नाही. ज्या कामांना मुदत लांब असते तीच कामे घ्यावीत, एवढेच.

अलीकडे फार कमी दराचे पत्रक आले की मजकूर यंत्राकडून अनुवादित करून वरवर हात फिरवलेला असणार, अशी शंका आम्हाला येते. दीड रुपया मान्य करून आपण ती शंका स्वतःवर ओढवून घ्याल.

सायंपाळी

दोघांचेही आभार. मुदतीचा मुद्दा मी हिशेबात घेतलाच नव्हता. आठवड्याला सात तास म्हणजे १,७५० शब्द, आणि सहा आठवड्यांत १०,५०० शब्दच होतील. १८,००० शब्दांना दहा आठवड्यांहून अधिक काळ लागेल. मजकुरात धोक्याच्या सूचना आणि देखभालीच्या पायऱ्या मात्र शब्दशः अनेकदा येतात, असे चाळताना दिसले. अशा पुनरावृत्तीचे पैसे घ्यावेत का?

टाकबोरू

घ्यावेत, पण पूर्ण दराने घेऊ नयेत. आधी केलेला अनुवाद साठवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल टाकली की शब्दशः पुन्हा आलेली वाक्ये किती आहेत, ते मोजून मिळते. पुनरावृत्त वाक्यांना पूर्ण दराच्या ३० टक्के लावणे मला न्याय्य वाटते, कारण संदर्भ बदलला की तेच वाक्य पुन्हा वाचून पाहावे लागते. काही मध्यस्थ संस्था पुनरावृत्तीला शून्य दर लावतात. त्यांच्या पंगतीला बसण्याचे थेट ग्राहकाशी बोलणाऱ्याला कारण नाही.

शब्द कोणत्या भाषेतले मोजायचे, हेही दरपत्रकात लिहावे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात आणि इंग्रजीसारखी उपपदे नसतात, त्यामुळे मराठी मजकुराची शब्दसंख्या बहुधा मूळ इंग्रजीपेक्षा कमी भरते. इंग्रजी शब्दांवर ठरलेला दर बिल करताना मराठी शब्दांना लावला गेला तर ते नुकसान नंतर भरून निघत नाही. मूळ मजकुराची मोजणी केल्यास कामापूर्वीच एकूण रक्कम दोन्ही पक्षांना कळते, हा आणखी एक फायदा.

मजकूर युनिकोडमध्ये द्यायचा की त्यांच्या छपाईवाल्याकडे अजून श्रीलिपीसारखी युनिकोडपूर्व जुनी फाँटव्यवस्था आहे, हे विचारून घ्या. रूपांतरात जोडाक्षरे फुटतात आणि ती दुरुस्त करण्याचे काम अनुवादकाच्या गळ्यात पडते. ते तासाच्या दराने वेगळे लावावे.

सायंपाळी

मोजणी केली. १८,००० पैकी सुमारे ४,००० शब्द पुनरावृत्तीचे निघाले. म्हणजे १४,००० शब्दांचे ३.४० प्रमाणे ४७,६०० आणि ४,००० शब्दांचे १.०२ प्रमाणे ४,०८०, असे एकूण ५१,६८० रुपये होतात. नव्या मजकुराला ५६ तास, म्हणजे आठ आठवडे लागतील. देऊ केलेल्या २७,००० च्या जवळजवळ दुप्पट रक्कम सांगताना संकोच वाटतो, पण हिशेब पटला आहे.

ताळेबंद

मी सनदी लेखापाल आहे. धागा वाचताना पावणेतेरा लाख हा आकडा दिसला आणि लिहिणे भाग पडले. दर ठरवण्याआधी पुढचा परिच्छेद कृपया सावकाश वाचावा.

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासूनच्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के असे टप्पे आहेत. पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. पावणेतेरा लाखांतून ७५,००० गेले की नेमके १२ लाख उरतात. म्हणजे आज आपला प्राप्तिकर शून्य आहे आणि आपण अगदी काठावर उभ्या आहात. त्यापुढे मिळणाऱ्या प्रत्येक रुपयाने ती सवलत जाते. १२ लाखांच्या किंचित वर जाणाऱ्यांसाठी सीमांत सवलत आहे; तिच्यामुळे कर १२ लाखांवरच्या उत्पन्नापेक्षा जास्त होत नाही, पण तितका मात्र होऊ शकतो.

आपल्या ५१,६८० रुपयांतून काही खर्च वजा झाला नाही असे धरले तर १२,५१,६८० वर कर ५१,६८० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर सुमारे २,०६७ रुपये होईल. आठ आठवडे रात्री जागून मिळवलेली सगळी रक्कम सरकारजमा होईल आणि वर दोन हजार पगारातून भरावे लागतील. १ लाख मिळाले तर १३ लाखांवर कर ७५,००० आणि उपकर ३,०००, म्हणजे हाती २२,००० राहतील. २ लाख मिळाले तर ९३,६०० कर जाऊन १,०६,४०० उरतील. करपात्र उत्पन्न साधारण १२ लाख ७१ हजारांच्या पुढे गेले की पुढच्या प्रत्येक शंभरातले ८४ रुपये ४० पैसे हाती राहू लागतात. पगार ११ लाख असणाऱ्याला किंवा १५ लाख असणाऱ्याला हा खड्डा लागत नाही. म्हणून ‘मित्राने अमुक दर घेतला, मीही घेतो’ हे नोकरदारांच्या बाबतीत फसते. दर एकच असला तरी हाती येणारी रक्कम पगारानुसार बदलते.

यावर उपाय आहेत. पहिला खर्चाचा: सॉफ्टवेअरचा परवाना, इंटरनेटचा व्यावसायिक वाटा, संगणकाचा घसारा, दुसऱ्या अनुवादकाला दिलेली रक्कम या गोष्टी व्यावसायिक उत्पन्नातून वजा होतात, मात्र पावत्या हव्यात. दुसरा अधिक परिणामकारक आहे. कंपनी तयार असेल तर पगाराच्या रचनेत मालकाकडून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत होणारा भरणा समाविष्ट करून घ्यावा. नव्या करप्रणालीतही मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत त्याची वजावट मिळते. मूळ वेतन एकूण पगाराच्या निम्मे, म्हणजे ६,३७,५०० असेल तर ही वजावट ८९,२५० रुपयांपर्यंत जाते आणि पहिले काम तिच्यात पूर्ण सामावते. पैसे दीर्घकाळ अडकतात, हा त्याचा तोटा.

रात्रंदिन

लेखापाल महोदय, मग हा कर दरात मिळवून ग्राहकाकडून घेता येणार नाही का? आणि आम्हा संगणक क्षेत्रातल्यांना जमेच्या निम्मीच रक्कम उत्पन्न धरता येते असे ऐकले आहे, ती सोय अनुवादाला नाही का?

ताळेबंद

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असेच आहे. आपण करसवलतीच्या काठावर आहोत याच्याशी ग्राहकाला काही कर्तव्य नसते, आणि बाजारातला दुसरा अनुवादक त्या काठावर नसतो. कराच्या हिशेबाने काम घ्यायचे की नाही आणि वर्षात किती घ्यायचे, हे ठरवावे. वर्षाला एकच छोटे काम घेणे हा सायंपाळी यांच्यासाठी सर्वांत वाईट पर्याय आहे. एकतर वजावटीत बसेल एवढेच घ्यावे किंवा दोन लाखांच्या आसपास जाईल इतके नियमित घ्यावे.

दुसऱ्या प्रश्नातली तरतूद जुन्या अधिनियमात कलम ४४एडीए म्हणून ओळखली जात असे. (१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, ओळखीचे म्हणून मी जुने क्रमांक देतो आहे.) ती विधी, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि अधिसूचित व्यवसाय यांच्यासाठी आहे, माहिती तंत्रज्ञान त्या अधिसूचित व्यवसायांत येते. अनुवादाचे नाव यादीत नाही. तांत्रिक सल्ला या शीर्षकाखाली ओढूनताणून बसवणारे लोक आहेत, मी तसा सल्ला देणार नाही. प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब ठेवून विवरणपत्र भरावे.

बिलाच्या रकमेतून ग्राहक उद्गमी करकपात (टीडीएस) करील. अनुवादाच्या बिलातून काही कंपन्या १० टक्के कापतात, काही कंत्राटी काम समजून १ टक्का. ही कपात म्हणजे खर्च नव्हे. ती वर्षअखेरीच्या करात जमा होते, म्हणून तिच्यासाठी दर वाढवू नये. कपात वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून अधिक राहत असेल तर आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना भरावेत, अन्यथा व्याज लागते. वस्तू व सेवा कराची चिंता मात्र सध्या करू नये. महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे आणि तिच्यात पगार मोजला जात नाही. ग्राहकाने आग्रह धरला म्हणून नोंदणी केली तर विवरणपत्रांचे काम कायमचे मागे लागते.

करारनामा

कराचे झाले; आता नोकरीच्या बाजूचे थोडे. दर कितीही चांगला मिळाला तरी नेमणूकपत्रातील अट तपासल्याशिवाय बिल फाडू नये. २०२२ साली विप्रोने प्रतिस्पर्ध्यांसाठी काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले, तेव्हापासून खाजगी कंपन्यांच्या अटी अधिक काटेकोर झाल्या आहेत. काही नेमणूकपत्रांत केवळ स्पर्धकासाठी काम करण्यास मनाई असते, काहींत पूर्वपरवानगी लागते, काहींत कोणत्याही अन्य उत्पन्नास बंदी असते. सायंपाळी यांच्या ग्राहकाचा उद्योग वेगळा असल्यामुळे परवानगी मागणे सोपे जावे. ती ई-मेलने मागावी आणि उत्तर जपून ठेवावे. वाचकांत राज्य शासनाचे कर्मचारी असतील तर त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. तेथे खाजगी व्यवसायाला पूर्वपरवानगी लागते आणि हा धागा वाचून कोणी धाडस करू नये.

कंपनीचा संगणक, कंपनीने घेतलेले सॉफ्टवेअर आणि नोकरीत तयार केलेली पारिभाषिक शब्दांची यादी यांपैकी काहीही या कामाला वापरू नका. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा प्रथम स्वामी मालक असतो, असे प्रताधिकार अधिनियम, १९५७ चे कलम १७ सांगते. बाहेरच्या कामात तसे नसते. तेथे वेगळा करार नसेल तर अनुवादाचा हक्क बहुधा अनुवादकाकडेच राहतो आणि तो द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी द्यावा लागतो. कालावधी लिहिला नाही तर हस्तांतरण ५ वर्षांपुरते मानले जाते. वापरपुस्तिकेच्या ग्राहकाला सर्व हक्क कायमचे लागतात आणि ते त्याला द्यावेत; फक्त ‘संपूर्ण रक्कम मिळाल्यानंतर हक्क हस्तांतरित होतील’ असे एक वाक्य दरपत्रकात घालावे. थकबाकीच्या वेळी ते वाक्य वकिलाच्या नोटिशीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

थकबाकीवरून आठवले. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य आहे आणि सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही करता येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ प्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. व्याज प्रत्यक्षात कोणी मागत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक दिसला की लेखाविभाग ते बिल गठ्ठ्याच्या तळाशी ठेवत नाही.

सायंपाळी

नेमणूकपत्र पाहिले, पूर्वपरवानगीची अट आहे. मनुष्यबळ विभागाला ई-मेल लिहिला असून निवृत्तिवेतन योजनेच्या भरण्याविषयीही विचारले आहे. परवानगी आल्यावर ग्राहकाला पाठवायचा मसुदा खाली देत आहे. कृपया खोट काढावी.

‘मूळ इंग्रजी मजकुराच्या मोजणीनुसार नव्या शब्दांना ३.४० रुपये व पुनरावृत्त शब्दांना १.०२ रुपये या दराने एकूण ५१,६८० रुपये. सुरक्षासूचनांचा विभाग तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस व संपूर्ण पुस्तिका आठव्या आठवड्याच्या अखेरीस युनिकोडमध्ये देण्यात येईल. ३० टक्के रक्कम आगाऊ, ३० टक्के सुरक्षासूचनांचा विभाग मिळाल्यावर आणि उर्वरित रक्कम अंतिम मजकूर मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यावी. संपर्काची वेळ सोमवार ते शुक्रवार सायंकाळी ७.३० ते ९.३० आणि शनिवारी दिवसभर राहील. संपूर्ण रक्कम मिळाल्यानंतर अनुवादाचे सर्व हक्क आपल्याकडे हस्तांतरित होतील. दुरुस्त्या विनामूल्य करून दिल्या जातील.’

खरेदीखाते

मसुदा चांगला आहे. आमच्याकडे आला असता तर मी सुरक्षासूचनांचा विभाग आधी मिळतो म्हणून आठ आठवडे मान्य केले असते. दरावर घासाघीस होईलच. ते तीन रुपयांवर येतील. त्या वेळी दर न उतरवता व्याप्ती उतरवावी, उदाहरणार्थ सुट्या भागांची यादी इंग्रजीतच ठेवण्याचा पर्याय द्यावा.

टाकबोरू

शेवटचे वाक्य तेवढे बदला. अनुवादातली चूक विनामूल्य दुरुस्त करणे आपले कर्तव्यच आहे, पण ग्राहकाचे अभियंते काम चालू असताना मूळ इंग्रजी मजकूरच बदलतात आणि त्यालाही दुरुस्ती म्हणतात. ‘अनुवादातील दुरुस्त्यांची एक फेरी, मजकूर मिळाल्यापासून १५ दिवसांत कळवल्यास विनामूल्य, मूळ मजकुरातील बदलांना ताशी ८५० रुपये, किमान एक तास’ असे लिहावे. ८५० हा आकडा आपल्याच दराचा आहे: तासाला २५० शब्द, प्रत्येकी ३.४०. आणि १५ दिवसांची मर्यादा घातली नाही तर शेवटच्या हप्त्याचे ३० दिवस कधी सुरू झाले, यावरच वाद होईल.